लगेच दिसणार नाही असा फोटो

बाजारात त्याला सगळे नंबर म्हणत. चष्म्याचं छोटंसं दुकान होतं त्याचं, पुढे काउंटर आणि मागे काचा घासायची खोली. दारातून आत येणारा माणूस डोळे किती बारीक करतो, एवढ्यावरून हा त्याचा नंबर सांगायचा. मग मशीनवर तपासलं तरी पाव-अर्ध्याच्या पलीकडे फरक पडायचा नाही. एकतीस वर्षं हेच करत आल्यावर माणसाला एखादी खोड लागणारच. याला मळकी काच सहन व्हायची नाही. लग्नात, मयताला, बँकेच्या रांगेत, समोरच्याच्या चष्म्यावर बोटांचे डाग दिसले की याचे हात शिवशिवायचे. पुष्कळदा तर तो न विचारताच लोकांच्या नाकावरचा चष्मा उचलायचा, खिशातल्या मऊ फडक्यानं पुसायचा आणि परत लावून द्यायचा. त्याची बायको म्हणायची, "हे वर गेले तरी आधी तिथल्या दाराची काच पुसतील, मग आत जातील."

बायको बसच्या आगारात घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा, कुणाची पिशवी सापडली, कुणाची आजी चौकशी खिडकीपाशी बसून आहे. सव्वीस वर्षं माणसं तिच्या आवाजावर गाडीत चढली. तोंड मात्र कुणाच्या ओळखीचं नव्हतं आणि तिला ते तसंच बरं वाटायचं. भाजी घेताना तिनं "वांगी किती दिवसांची?" असं विचारलं की भाजीवाला दचकून रस्त्याकडे बघायचा, गाडी आली की काय म्हणून.

फोटोचं तिला वावडं होतं. "फोटोत मी माझ्या आत्यासारखी दिसते," असं ती सांगायची. आत्या दिसायला वाईट नव्हती, फक्त कजाग होती. कुणी फोन वर धरला की हिचा हात पुढे, "आणा, मी काढते." त्यामुळे घरच्या सगळ्या फोटोंत सगळे असायचे आणि ती नसायची. लग्नाचा एक होता, त्यात ऐन वेळी डोळे मिटलेले. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे मुलांच्या हौसेखातर तरी कुणी तिला ओढून उभं केलं नाही. नंबरला याचं कधी काही वाटलं नव्हतं. रोज समोर असलेल्या माणसाचा फोटो कशाला लागतो?

मग तिच्या डाव्या गालात आतून एक चट्टा आला. दात लागला असेल म्हणून तिनं तीन महिने चुळा भरण्यात घालवले. तपासणीचे कागद येईपर्यंत जबड्यावर सुपारीएवढी गाठ आली होती. शनिवारी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं, एका कोऱ्या कागदावर साधासा चेहरा काढला आणि कानाखालपासून हनुवटीच्या मध्यापर्यंत डावा भाग पेन्सिलीनं खोडून दाखवला. एवढं जाईल. छातीवरचं मांस घेऊन तिथे लावू. जीव वाचेल. बोलण्याचं नंतर बघू. तारीख गुरुवारची.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. नंबर तिच्याकडे डाव्या बाजूनं बघत होता. गुरुवारनंतर ही बाजू कुठेच असणार नव्हती. कपाटात नाही, भिंतीवर नाही, फोनमध्ये नाही. आणि स्वतःच्या आठवणीवर त्याचा भरवसा नव्हता. स्वतःच्या आईचे डोळे कसे होते, हे तो कधीच विसरून गेला होता. आठवत होता तो फक्त तिचा नंबर.

म्हणून त्याला गुरुवारच्या आत तिच्या चेहऱ्याचा एक धड फोटो हवा होता. बाकी काही म्हणजे काही नको होतं.

रविवारी सकाळी त्यानं फोन उचलला. तिनं त्यावर तळहात ठेवला.

"कशाला? भिंतीवर टांगायला? मी मरत नाहीये अजून. जबडा जातोय नुसता."

"म्हणूनच म्हणतोय."

"फोनवर काढलात की लगेच माझ्या तोंडासमोर धराल. ही गाठ मला आत्ता बघायची नाही. आणि दिसली की मी तो फोटो खोडून टाकीन. मी मला ओळखते." ती उठली, गॅस बंद करून आली, परत बसली. "अहो, पूर्वी रोल असायचा ना? धुवायला टाकायचा? तसा काढा. लगेच दिसणार नाही असा. आणि ऑपरेशन झाल्याशिवाय धुवायचा नाही. नंतर ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी मी बघीन, मी कशी होते ते."

"आणि चुकला तर? धुतल्याशिवाय कळणार नाही."

"एकतीस वर्षं भिंगं घासलीत ना? मग." तिनं बोट रोखलं. "आणि चोरून फोनवर काढाल तर याद राखा. घ्या शपथ."

त्यानं घेतली. शपथ मोडायची अक्कल त्याला तेव्हा सुचायला हवी होती, पण साध्या माणसांना अक्कल नेहमी नंतर सुचते.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच तो खुडबुड्याच्या दारात उभा होता. खुडबुड्या म्हणजे तीन गल्ल्या सोडून बसणारा म्हातारा, घड्याळं आणि जुने कॅमेरे दुरुस्त करणारा. दिवसभर काहीतरी उघडून बसलेला असायचा, म्हणून ते नाव. त्याच्या फळीवर विकण्यासारखे दोनच कॅमेरे होते. एकाची कळ अडकत होती. दुसरा काळ्या डबीसारखा उभट, समोर एकाखाली एक दोन भिंगं.

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," खुडबुड्या म्हणाला. "घ्या. माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी लहान आहे, पण खोकत नाही."

त्यानं डोक्यावरचं झाकण उघडलं. आत दुधी काच होती आणि काचेवर समोरची गल्ली उमटलेली होती, डावीकडची उजवीकडे. सायकलवाला उजवीकडे जाताना दिसला आणि नंबरनं मान वर केली तर तो डावीकडे गेला होता. खुडबुड्यानं सगळं सांगितलं. वरच्या भिंगातून नुसतं बघायचं, फोटो काढतं ते खालचं. दोन्हींच्या कडांना दाते आहेत, एक फिरवलं की त्यात अडकलेलं दुसरंही तेवढंच फिरतं, म्हणजे वर जे स्पष्ट दिसेल ते खाली स्पष्ट येईल. रोलवर बारा चौकोन. मागच्या लाल खिडकीत आकडा येईपर्यंत चावी फिरवायची, नाहीतर एकावर एक फोटो बसेल.

"पहिला रोल वाया घालवायचा असतो," तो म्हणाला. "कॅमेऱ्याचा स्वभाव त्यात कळतो. दोन दिवसांत धुऊन देतो."

"काका, तेवढा वेळ नाही. बुधवारी बायकोला इस्पितळात दाखल करायचंय."

खुडबुड्यानं त्याच्याकडे पाहिलं. दोन रोल कागदात गुंडाळून दिले. "मग उन्हात काढा. उन्हात भिंगाचं तोंड बारीक ठेवता येतं, ते चुका पोटात घेतं. घरात काढलात तर तोंड सताड उघडं टाकावं लागेल, तिथे चार बोटांची चूक झाली तरी फोटो गेला. आणि हे बघा, वरच्या भिंगात थोडं जाळं धरलंय. असू दे. बघण्यापुरतं आहे ते. हात लावू नका."

हात लावू नका! मांजराला दूध दाखवून वर उपदेश करण्यातला प्रकार. दुपारी मागच्या खोलीत दिव्याखाली नंबरनं कॅमेरा धरला, वरच्या भिंगात आतून पांढुरक्या तंतूंचं जाळं पाहिलं आणि त्याला कसंसंच झालं. याच्यातून तिच्याकडे बघायचं? त्यानं तीन बारीक स्क्रू सोडवले, वरचं भिंग आट्यांवरून फिरवत बाहेर काढलं, द्रावणाचा एक थेंब टाकला, फडक्यानं गोल गोल पुसलं, फुंकर मारली, परत पुसलं. एकतीस वर्षांत कुठल्या काचेवर त्याचा एवढा जीव लागला नसेल. मग आटे धरून भिंग परत बसवलं, खालच्या दात्यांत दाते अडकवले, स्क्रू आवळले. दारात जाऊन समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी बघितली. अक्षर न् अक्षर स्वच्छ. त्यानं स्वतःशीच मान डोलावली.

रोज गिऱ्हाइकाला तो सांगत असे की दोन्ही डोळे वेगवेगळे तपासायला हवेत, एक चांगला दिसला म्हणजे दुसरा चांगला असतो असं नाही. स्वतःच्या हातातल्या कॅमेऱ्याचा दुसरा डोळा त्यानं तपासला नाही.

उन्हात यायला ती तयार झाली नाही. गाठ घेऊन गल्लीत उभी राहणार नाही म्हणाली. तेव्हा मंगळवारी सकाळी दहाला स्वयंपाकघरातल्या खिडकीशी जेवणाचं टेबल ओढलं. टेबलाच्या एका टोकाला दोन डबे, त्यांवर उशी, उशीवर कॅमेरा. दुसऱ्या टोकाला ती, दोन्ही हात पुढे टेबलावर ठेवून. भिंगाचं तोंड सताड उघडं. नंबरनं मान खाली घातली.

"हे काय? तुम्ही तर माझ्याकडे बघतच नाही आहात."

"बघतोय की. काचेत."

"काचेत बघा. हे बरं आहे." तिचा आवाज सैल झाला. "आठ दिवस जो येतो तो गाठीकडे बघतो. तुम्हीसुद्धा."

दुधी काचेवर ती तळहाताएवढ्या चौकोनात बसली होती. डावं उजवीकडे गेलेलं, पण बाकी सगळी तीच. कपाळावरची कांजिण्यांची खूण. एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर, त्यामुळे ती कायम कुणाचं तरी खोटं पकडल्यासारखी दिसायची. त्यानं भिंग फिरवलं, पापण्यांचे केस सुटे सुटे झाले, तेव्हा कळ दाबली. आकडा एक. चावी फिरवली. आकडा दोन.

तिसऱ्या-चौथ्या फोटोला ती ताठ होती. सातव्याला विसरली. आठव्याला तिनं आगारातला आवाज लावला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जबड्याकडे जाणारी गाडी गुरुवारी सकाळी सात वाजता सुटेल. परतीच्या गाडीची खात्री नाही." तो हसला आणि कॅमेरा हलला, म्हणून कळ दाबण्याआधी भिंग परत जुळवावं लागलं. बाराव्याला तिनं सरळ भिंगात पाहिलं. न हसता, न लाजता. तीस वर्षांत त्यानं तिला एवढा वेळ आणि एवढ्या बारकाईनं कधी पाहिलं नव्हतं. त्या पाऊण तासात तो सुखी होता, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे सांगण्यासारखं तसलं काही नाही.

गुरुवारी नऊ तास ऑपरेशन चाललं. जीव वाचला. शनिवारी तिला अतिदक्षता विभागातून हलवलं, घशात नळी, नाकात नळी, डोक्यापासून गळ्यापर्यंत पट्ट्या. त्याच दिवशी नंबरनं रोल खुडबुड्याकडे टाकला. सोमवारी तो पाकीट घ्यायला गेला तेव्हा म्हातारा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "बसा आधी."

बारा फोटो काउंटरवर मांडलेले होते. बाराही फोटोंत टेबलावरचे दोन हात लख्ख आले होते. नखं, नखांभोवतालची कातडी, बोटातल्या अंगठीवरचा ओरखडा, मनगटावरची एकेक लव. हातांच्या मागे पदर मऊ होत गेलेला, आणि त्याच्याही मागे, वर, जिथे चेहरा असायला हवा होता तिथे एक फिकट गोळा. दोन गडद ठिपके म्हणजे डोळे असावेत. बाराच्या बारा.

"ही ती नाही," नंबर म्हणाला. मग परत म्हणाला, "काका, मी पापण्या बघितल्यात. केस न् केस दिसत होता."

खुडबुड्यानं नंबरच्या पिशवीतून कॅमेरा घेतला, त्याचं मागचं दार उघडलं, रोलच्या जागी पातळ कागद ताणून धरला आणि खालच्या भिंगाचा पडदा उघडा ठेवला. वरच्या काचेत समोरच्या खिडकीचे गज स्पष्ट होते. खालच्या कागदावर धुकं. त्यानं मान खाली घालून दाते मोजले.

"वरचं भिंग कुणी काढलं होतं?"

"जाळं होतं. पुसलं मी."

"बसवताना चार दाते चुकलेत." म्हाताऱ्यानं वरचं भिंग उजेडाकडे धरलं, आरपार पाहिलं. "पुसलंय मात्र छान," एवढंच म्हणाला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्याच बैठकीत त्यानं दाते नीट जुळवून दिले आणि कॅमेरा नंबरच्या पिशवीत ठेवला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नंबर बाहेर आला आणि आपल्या दुकानाची गल्ली त्याला सापडेना. ज्या हातांचं बाजारात नाव होतं त्याच हातांनी त्यानं तिचा चेहरा घालवला होता. डॉक्टरांनी अर्धाच घेतला होता. यानं सगळा.

पुढचे दहा-बारा दिवस तो वेड्यासारखा हिंडला. मेहुणीकडे गेला. तिनं फोनमधले हजारभर फोटो चाळले. "भावोजी, ताई सगळीकडे होती हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "पण सगळे तिनंच काढलेत." एका फोटोत कोपर सापडलं. एकात आरशात फोन धरलेला हात. आगारात गेला, तिथे ओळखपत्राचा फोटो मिळाला, सव्वीस वर्षांपूर्वीचा, टपालाच्या तिकिटाएवढा, त्यावर गोल शिक्का, शिक्क्याखाली एक डोळा. इस्पितळात विचारलं, ऑपरेशनच्या आधी फोटो काढले होते ना? कारकून भला होता, शोधून दाखवले. तोंड चिमट्यानं ताणून उघडलेलं, गाठीशेजारी मोजपट्टी, आणि ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी. एका फोटो दुकानातल्या मुलीनं त्या फिकट गोळ्याला संगणकावर नाकडोळे बसवून दिले. छान गोरी, हसरी बाई तयार झाली. "कुणाची बायको आहे ही?" असं विचारून तो उठून आला. रात्रंदिवस एकच डोक्यात, शपथ का पाळली? चोरून एक, फक्त एक काढला असता तर आकाश कोसळलं असतं का?

बरं, ज्या चेहऱ्यासाठी हा गावभर हिंडत होता त्या चेहऱ्याची मालकीण इस्पितळात खाट क्रमांक नऊवर पडून होती, आणि हा तिच्याकडे बघत नव्हता. नळी बघायचा. सलाइनचे थेंब मोजायचा. पट्ट्या उतरल्या त्या दिवशी तो खिडकीची काच पुसत होता.

अठराव्या दिवशी ती घरी आली. नाकातली नळी तशीच. तिच्या हुकमावरून तो आधीच न्हाणीघरातला आणि कपाटाचा आरसा उतरवून ठेवून आला होता. ऑपरेशनला जाताना तिनं सांगितलंच होतं, "मी म्हणेन तेव्हा लावा." बोलता येत नव्हतं, म्हणून एक पाटी आणली होती. गळ्याभोवती आणि अर्ध्या तोंडावरून ती ओढणी गुंडाळून घ्यायची, वर फक्त डोळे आणि कपाळ. मेहुणी येऊन म्हणून गेली, "ताई, छान भरतंय गं." डॉक्टर म्हणाले, "उत्तम." तिनं ओढणी आणखी वर ओढली.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी तो नळीतून पातळ पेज सोडत असताना तिनं पाटी वर केली. "फोटो आले?"

"नाही अजून. म्हातारा आजारी आहे."

दुसऱ्या दिवशी परत. "आले?"

"त्याच्याकडचं औषध संपलंय, धुवायचं."

त्याच्याही पुढच्या दिवशी तिनं लिहिलं, "परवा आजारी, काल औषध. पाकीट आणा. खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता."

नंबरनं हातातल्या चष्म्याकडे आणि फडक्याकडे पाहिलं. मग तो कपाटाकडे गेला, कपड्यांखालून पाकीट काढलं, तिच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि लहान मुलासारखं सगळं बोलून टाकलं. जाळं, स्क्रू, चार दाते, मेहुणी, शिक्का, काळी पट्टी. "घालवला मी तुझा चेहरा. मी घालवला. हात लावू नका म्हणाला होता तो."

तिनं फोटो एकेक करून पाहिले. पहिला, दुसरा, तिसरा. घाई केली नाही. आठव्याला थांबली, बहुतेक तो गाडीच्या घोषणेचा होता. तिचे खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय, हे त्याला ओढणीमुळे कळेना. ओढणी नसती तरी कळलं असतं की नाही, कोण जाणे. मग तिनं पाटी ओढली.

"हात सुरेख आलेत."

"नको ना असं."

पुसलं. लिहिलं. "दुसरा रोल आहे?"

"आहे."

"दाते?"

"बसवले काकांनी. तपासून दिलंय."

"मग काढा."

"आता?" त्याच्या तोंडून निघून गेलं. "आता काय काढायचं?"

हे बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही. उठून टेबल स्वतः खिडकीशी ओढायला लागली, तेव्हा तो धावला. तेच दोन डबे, तीच उशी. त्यानं रोल भरला, लाल खिडकीत आकडा आणला. कॅमेरा ठेवून तो खुर्चीत बसला तेव्हा समोरून कापडाची सळसळ झाली. ती ओढणी सोडत होती. त्यानं घाईघाईनं मान खाली घातली.

दुधी काचेवर धुकं होतं. त्यानं भिंग फिरवलं. धुकं विरळ झालं, कपाळ आलं, भुवई आली, डोळे आले. आणखी थोडं फिरवलं असतं तर खालचंही आलं असतं. तिथे त्याचं बोट थांबलं. ज्यानं जन्मभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून डोळे फोडून काचा घासल्या, त्यानं भिंग हळूच उलटं फिरवलं. एक दाता. दोन दाते. काचेवरची बाई परत मऊ झाली, कुणीही असू शकेल अशी. आता कळ दाबली की झालं.

टेबलावर टकटक झाली. समोर बसलेल्या माणसाला भिंग फिरताना दिसतं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यानं भिंग परत सरळ फिरवलं. आता सगळं स्पष्ट होतं. त्यानं ते एका चौकोनात, उलटं, तळहाताएवढं पाहिलं, आणि एवढंसं असल्यामुळे बघवलं. तो कळ दाबणार तोच परत टकटक. काचेच्या कडेनं पाटी आत सरकली, अक्षरं उलटी उमटली आणि त्याला ती लावायला वेळ लागला.

"वर बघा."

"बघतोय की गं."

पाटी गेली, खडू वाजला, पाटी परत आली. "काचेत नाही. माझ्याकडे."

नंबरनं मान वर केली.

खिडकीचा सगळा उजेड तिच्यावर होता. डाव्या कानाखाली चेहरा आत जात होता आणि तिथे छातीवरचं मांस जाड, निराळ्या रंगाचं, टाक्यांच्या काळ्या रांगेनं शिवलेलं होतं. ओठांचा कोपरा खाली ओढला गेला होता आणि तिथून ओघळत होतं, ते तिला कळत नव्हतं. वरचे डोळे तिचे होते. एवढंच त्यानं पाहिलं, आणि मग त्याला दिसलं की ती त्याच्याकडे बघतेय. स्थिर, एकेक ओळ वाचल्यासारखी. आरसे तिनं उतरवायला लावले होते. बहिणीवर आणि डॉक्टरवर तिचा विश्वास नव्हता. जे बघायचं होतं ते ती याच्या तोंडावर बघत होती. त्यानं तोंड सावरायचा प्रयत्न केला. हसू आणायचा प्रयत्न केला. पण आधीच्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे होऊन गेलं होतं ते होऊन गेलं होतं, आणि खोटं पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग तिनं तळहातानं पाटी पुसली आणि लिहिलं, "कळलं."

"अगं, तसं नाही..."

तिनं मान हलवून त्याला थांबवलं. खडू परत उचलला, खाली दोन शब्द आणखी लिहिले आणि पाटी त्याच्यासमोर धरली.

"आता काढा."

त्यानं मान खाली घातली आणि फोटो काढला.